उत्तर येत होतं, कोडही चालला, मग रिजेक्ट का?

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचं लिखित रूप. वाचायला सोपं जावं म्हणून बोलण्यातली काही वाक्यं थोडी सरळ केली आहेत.)

आज मागे हॉर्न ऐकू येतील, त्याला इलाज नाही. खिडकी सात रस्त्याच्या बाजूला आहे आणि संध्याकाळची वेळ आहे. तेवढं सांभाळून घ्या.

गेल्या काही महिन्यांत तुमचे जे मेसेज आले, त्यात एक प्रश्न शब्द बदलून पुन्हा पुन्हा येतोय. "ताई, उत्तर येत होतं. कोडपण चालला. तरी रिजेक्ट. असं कसं?" मी एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करते आणि कामाचा भाग म्हणून इंटरव्ह्यूही घेते. त्यामुळे स्क्रीनच्या त्या बाजूला बसलेल्या माणसाला काय दिसतं, ते आज सांगते.

सरळच सांगते. आपल्याकडची बरीच मुलं ज्ञानात कमी पडून बाहेर जात नाहीत, गप्प बसून बाहेर जातात. वालचंद असो, ऑर्किड असो, नाहीतर पंढरपूर-बार्शीकडचं कॉलेज असो, मुलं अभ्यास करून येतात. प्रश्न ऐकला की मान खाली घालतात, दहा-बारा मिनिटं टाइप करतात आणि म्हणतात, "डन, मॅम." मधल्या दहा मिनिटांत त्यांच्या डोक्यात काय चाललं होतं, ते मला कळतच नाही.

यात त्यांचा दोष काढायला मी बसलेली नाही. आपण शाळेत शिकलोच तसं. उत्तर पक्कं असेल तर हात वर करायचा, नसेल तर खाली बघायचं. सरांना उलट प्रश्न विचारला की, "लई शहाणी झालीस का?" मोठ्यांसमोर गप्प बसणं म्हणजे संस्कार. हा संस्कार घरी ठीक आहे, पण इंटरव्ह्यूमध्ये तो उलटा पडतो. तिथे तुमचं उत्तर तपासायला कोणी बसलेलं नसतं. उत्तर तर त्या माणसाला आधीपासूनच माहीत असतं. उद्या याच्यासोबत काम करायचं म्हटलं तर कसं होईल, हे तो बघत असतो.

एक उदाहरण घेऊ. हा प्रश्न 'टू सम' या नावाने सगळीकडे मिळतो, मी त्याला सोलापुरी कपडे घालते. एका चादरींच्या दुकानात मालाच्या किमतींची यादी आहे. गिऱ्हाइकाकडे बरोबर 1000 रुपये आहेत. त्याला दोनच वस्तू घ्यायच्या आहेत आणि सगळे पैसे संपले पाहिजेत. अशी जोडी यादीत आहे का, हे सांगणारा प्रोग्रॅम लिहा.

पहिला उमेदवार लगेच लिहायला लागतो. थोड्या वेळाने कोड तयार, चालतोही.

दुसरी उमेदवार आधी विचारते, "यादीत 500 ची एकच चादर असेल, तर तीच दोनदा मोजलेली चालेल का?" मी म्हणते, नाही. "जोडीच नसेल तर काय परत द्यायचं?" सांगते. "यादी साधारण किती मोठी?" मी म्हणते, एक लाख वस्तू धर. आता ती बोलत बोलत पुढे जाते. "सगळ्यात साधा मार्ग म्हणजे प्रत्येक वस्तू दुसऱ्या प्रत्येक वस्तूशी जुळवून बघायची. पण एक लाख वस्तूंच्या जोड्या होतात सुमारे 500 कोटी. सेकंदाला 10 कोटी तपासल्या तरी 50 सेकंद लागतील. गिऱ्हाईक तोवर निघून जाईल." मग थांबते. "माझ्या हातात 350 ची वस्तू असेल तर मला फक्त 650 ची हवी आहे. मग सगळ्यांशी कशाला जुळवू? आधी बघितलेल्या किमती एका ठिकाणी ठेवते, जिथे 650 आहे की नाही हे झटक्यात कळेल." म्हणजे काय, तर सेट किंवा हॅशमॅप. 500 कोटी तपासण्यांच्या जागी एक लाख.

आणि इथे एक बारीक गंमत आहे. प्रत्येक किंमत आधी सेटमध्ये टाकली आणि मग जोडी शोधली, तर 500 ची एकटी चादर स्वतःचीच जोडी होऊन बसते. म्हणून आधी शोधायचं, मग टाकायचं. यादीत 500 च्या दोन चादरी असतील तरी हा क्रम बरोबर चालतो, कारण दुसरी आली तेव्हा पहिली सेटमध्ये बसलेली असते. सुरुवातीला जो प्रश्न तिने विचारला होता ना, त्यानेच तिला या चुकीपासून वाचवलं. त्यानंतर मी विचारते, यादी आधीच लहान ते मोठी अशी लावलेली असेल तर? ती म्हणते, मग एक बोट सुरुवातीला, एक बोट शेवटाला. बेरीज कमी आली तर डावं बोट पुढे, जास्त आली तर उजवं बोट मागे. सेटसाठी वेगळी जागाच लागत नाही.

दोघांचंही उत्तर बरोबर. पण इंटरव्ह्यू संपल्यावर मला एक फॉर्म भरायचा असतो. कंपनीगणिक तो वेगळा असतो, तरी रकाने साधारण सारखेच: प्रश्न समजून घेतला का, मार्ग का निवडला ते सांगितलं का, कोड कसा लिहिला, स्वतःची चूक स्वतः शोधली का, बोलणं समजत होतं का. शेवटी घ्यायचं की नाही, आणि का. दुसरीबद्दल मी प्रत्येक रकान्यात दोन ओळी लिहू शकते. पहिल्याबद्दल एकच रकाना भरतो, "कोड चालला". बाकीचे रिकामे. त्याला हे सगळं येत असेलही. पण मला जे दिसलंच नाही ते मी लिहू कशी? "उत्तर येत होतं तरी रिजेक्ट" याचा अर्थ बहुतेक वेळा हा असतो.

कोणी म्हणेल, हे नाटक कशाला? चांगला कोड लिहिणारा माणूस गप्प राहिला तर बिघडलं काय? बिघडतं. त्यासाठी हे काम प्रत्यक्षात कसं असतं, ते माहीत पाहिजे.

सिनेमात दाखवतात तसा इंजिनीअर दिवसभर काळ्या स्क्रीनवर बोटं नाचवत नाही. नव्या माणसाचे पहिले सहा महिने जातात दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचण्यात. तो दुसरा कधीच नोकरी सोडून गेलेला असतो आणि का असं लिहिलं, हे कुठेच लिहून ठेवलेलं नसतं. सकाळी पंधरा मिनिटांचा स्टँड-अप: काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलं. मग तुमच्या नावावरचं तिकीट, म्हणजे कामाचा एक तुकडा. 'अमुक फोनवर पैसे भरल्याची पावती दोनदा येते, बघा.' दोन दिवस शोधल्यावर दुरुस्ती निघते चार ओळींची. त्या चार ओळी टीममधली दुसरी व्यक्ती वाचते, याला कोड रिव्ह्यू म्हणतात, आणि ती विचारते, असं का? तसं का नाही? तिला पटवावं लागतं, नाहीतर तिचं ऐकावं लागतं. थोडे जुने झालात की ऑन-कॉलची पाळी येते, रात्री सिस्टिम बंद पडली की फोन तुम्हाला.

अशा कामात गप्प बसणारा माणूस महाग पडतो. तीन दिवस अडलाय, पण विचारायची लाज वाटते म्हणून स्टँड-अपमध्ये रोज सांगतो, "काम चालू आहे." चौथ्या दिवशी कळतं की त्याला एक परवानगी मिळालेली नव्हती, ती पाच मिनिटांत मिळाली असती. कमी येणाऱ्या माणसाला शिकवता येतं. अडलंय हेच न सांगणाऱ्याचं काय करायचं, हे कुठल्याच मॅनेजरला कळत नाही.

आता इंग्रजी. मला माहीत आहे, अर्धी भीती तिचीच आहे. आपल्या गावात घरी तेलुगू, गल्लीत कन्नड, शाळेत मराठी आणि रिक्षात हिंदी बोलणारी पोरं आहेत, चार भाषा सहज सांभाळतात, आणि पाचव्या भाषेत एक मिनिट बोलायचं म्हटलं की घाम फुटतो. एआयसीटीईने 2021-22 पासून भारतीय भाषांतून इंजिनीअरिंग शिकवायला परवानगी दिली, पिंपरी चिंचवड कॉलेजने मराठीतून कॉम्प्युटरचा वर्गही सुरू केला. चांगलंच आहे. पण इंटरव्ह्यू अजून तरी इंग्रजीतच होतो, हे मान्य करून पुढे जाऊ.

फॉर्मवरचा 'कम्युनिकेशन' हा रकाना उच्चारासाठी नसतो. मला तुमचं म्हणणं समजलं का आणि तुम्हाला माझं समजलं का, एवढंच त्यात असतं. 'द' आणि 'अ' चुकले तर कोणी मोजत नाही. छोटी वाक्यं बोला. कर्ता, क्रियापद, संपलं. "फर्स्ट, आय विल ट्राय द सिंपल वे. इट इज स्लो. बिकॉज देअर आर टू मेनी पेअर्स." झालं की. यापेक्षा जास्त इंग्रजी मी स्वतः कामात क्वचितच वापरते. प्रश्न समजला नाही तर, "कॅन यू रिपीट द क्वेश्चन?" विचार करायला वेळ हवा तर, "कॅन आय थिंक फॉर टू मिनिट्स?" दोन मिनिटं मागून गप्प बसलात तर चालतं, ती शांतता मला कळते. न सांगता गप्प बसलात की मला वाटतं नेट गेलं.

सराव कसा करायचा? फोनचा रेकॉर्डर लावा आणि एक प्रश्न मोठ्याने बोलत सोडवा. पहिले आठ-दहा दिवस मराठीतच. हो, मराठीतच. कारण दोन गोष्टी एकदम शिकायला गेलात, बोलत विचार करणं आणि इंग्रजी, तर दोन्ही बसत नाहीत. आधी बोलत विचार करायची सवय लावा, भाषा नंतर बदला. रेकॉर्डिंग ऐकताना स्वतःचाच आवाज नकोसा वाटेल, तो सगळ्यांनाच वाटतो. घरातल्या कोणालातरी समोर बसवलं तर अजून चांगलं. चादरीच्या दुकानाचा प्रश्न आईला समजला, तर इंटरव्ह्यू घेणाऱ्यालाही समजेल.

"पण ताई, प्रश्नच कधी बघितलेला नसेल तर?" हाही मेसेज आहे. इथे मी खिडकीतून बाहेर बघते आणि तुम्हाला एक कोडं घालते. समजा नावाप्रमाणे या चौकाला बरोबर सात रस्ते येऊन मिळतात. मला शहरभर असं फिरायचं आहे की प्रत्येक रस्त्यावरून एकदाच जायचं, आणि शेवटी जिथून निघाले तिथेच परत यायचं. जमेल का?

ग्राफ थिअरी वगैरे विसरा. नुसतं चौकाकडे बघा. मी एका रस्त्याने चौकात येते, दुसऱ्याने बाहेर पडते. दोन रस्ते वापरून झाले. पुन्हा आले, पुन्हा गेले, चार. पुन्हा, सहा. उरला एक. त्या सातव्याने मी आत आले तर बाहेर पडायला रस्ता नाही, म्हणजे फेरी इथेच संपणार. किंवा त्या सातव्यानेच मी सुरुवातीला बाहेर पडले असणार. सुरुवात आणि शेवट दोन्ही एकाच जागी हवे असतील, तर कुठल्याही चौकाला विषम रस्ते चालत नाहीत. म्हणजे सात रस्ता असलेल्या शहरात अशी फेरी होणारच नाही.

हाच विचार ऑयलरने 1736 मध्ये क्योनिग्सबर्ग शहरातल्या सात पुलांबद्दल मांडला आणि त्यातून गणिताची एक शाखा उभी राहिली. तुम्हाला ऑयलरचं नाव माहीत नव्हतं, तरी तुम्ही आत्ता माझ्यासोबत तिथवर आलात. अनोळखी प्रश्नात एवढंच करायचं असतं. मोठा प्रश्न सोडा, एक चौक घ्या, त्यात काय होतं ते बोलून दाखवा. पूर्ण उत्तर नाही निघालं तरी त्या माणसाकडे लिहायला काहीतरी असतं. आणि अडलात तर तो हिंट देतो. हिंट घेणं म्हणजे मार्क कमी होणं, असं आपल्याला वाटतं. उलट हिंट मिळाल्यावर तुम्ही ती धरून पुढे जाता की जुन्याच वाटेवर अडून बसता, हे बघायला मला फार आवडतं.

एक गोष्ट मात्र इथे स्पष्ट करू. सगळीकडे असा इंटरव्ह्यू होत नाही. टीसीएस, इन्फोसिस, विप्रो अशा मोठ्या भरती करणाऱ्या कंपन्यांत आधी ऑनलाइन परीक्षा असते, टीसीएसची एनक्यूटी तर तुम्हाला पाठच असेल. तिथे गाळणी परीक्षेची आहे. ॲप्टिट्यूड आणि वेग लागतो, आणि पुढचा इंटरव्ह्यू बऱ्याचदा छोटा असतो: तुमचा प्रोजेक्ट, डेटाबेसचे दोन प्रश्न, पुण्याबाहेर जाल का. स्वतःचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्यांत, म्हणजे ज्यांना आपण प्रॉडक्ट कंपनी म्हणतो, तिथे तीन-चार राउंड असतात आणि वर सांगितलेलं सगळं तिथे जास्त लागू पडतं. दोन्हींची तयारी एकच समजून नुसते प्रश्न घोकत बसलात, तर दोन्हीकडे अर्धवट होतं.

प्रोजेक्टचा विषय निघालाच आहे तर बोलते. फायनल इयरचा प्रोजेक्ट विकत मिळतो, कुठे मिळतो ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. 'फेस रेकग्निशन अटेंडन्स सिस्टिम' मी इतक्या रिज्युमेंवर बघितली आहे की आता मोजणं सोडलंय. एकच विचारते: जुळी भावंडं वर्गात असतील तर काय होतं? विकत घेतलेला प्रोजेक्ट तिथेच आडवा होतो.

याउलट एका मुलीच्या रिज्युमेवर एकच साधी ओळ होती: वडिलांच्या यंत्रमाग कारखान्यासाठी मजुरीचा हिशोब. किती टॉवेल निघाले त्यावर प्रत्येकाची मजुरी, मधली उचल वजा, आठवड्याचा हिशोब कागदावर. दिसायला काही खास नाही. मी विचारलं, आकडे भरताना मध्येच लाईट गेली तर? ती हसली. म्हणाली, "पहिल्याच आठवड्यात गेली होती. उचल कापली गेली आणि मजुरी जमा झालीच नाही. माणूस भांडायला घरी आला." मग तिने दोन्ही नोंदी अशा बांधल्या की झाल्या तर दोन्ही होतील, नाहीतर एकही नाही. याला डेटाबेसच्या भाषेत ट्रान्झॅक्शन म्हणतात. पुस्तकात ती व्याख्या सगळ्यांनी वाचलेली असते. हिच्या घरी ती भांडायला आली होती. पुढचा अर्धा तास मला वेगळे प्रश्न शोधावे लागले नाहीत. तुमच्या आजूबाजूला किराणा दुकान असेल, मेस असेल, भिशी असेल. त्यांच्या वहीतला एखादा वैताग सोडवा, तो प्रोजेक्ट.

एआयबद्दल दोन वाक्यं. तयारी करताना चॅटजीपीटी खुशाल वापरा, त्याला म्हणा, माझ्या उत्तरातल्या चुका काढ. इंटरव्ह्यू चालू असताना दुसऱ्या स्क्रीनवर वापरलंत तर ते कळतं. डोळे एका रेषेत सरकतात, आणि "हे असं का?" विचारलं की मोठी शांतता पसरते. याच कारणाने काही कंपन्या आता एक राउंड समोरासमोर घ्यायला लागल्या आहेत. म्हणजे सकाळच्या हुतात्माचं तिकीट पुन्हा काढावं लागणार.

आता जरा कडू बोलते. पुण्यात गेलेल्या मुलांना काही 'कन्सल्टन्सी' गाठतात. फ्रेशरला कोण विचारतंय, आम्ही दोन-तीन वर्षांचा अनुभव दाखवतो, कागद तयार करून देतो, पगाराच्या स्लिपांसकट. वर पैसे भरा, किंवा पहिले काही पगार आम्हाला द्या. गिरण्यांच्या काळात कामावर घ्यायला जॉबर दस्तुरी घ्यायचा, हे आपल्यातल्या काहींच्या आजोबांनी भोगलंय. तो निदान खऱ्या मागावर उभं तरी करायचा.

हा खोटा अनुभव पकडला कसा जातो? नोकरी लागल्यावर पीएफ खात्यासाठी जो यूएएन नंबर मिळतो, तो आयुष्यभर एकच राहतो. कुठल्या कंपनीने कुठल्या महिन्यापासून पीएफ भरला, ते सगळं त्यावर दिसतं. कंपन्या पडताळणी करताना तो इतिहास मागतात. कागदावर तीन वर्षं आणि पीएफमध्ये शून्य महिने, हे जुळवणार कसं? आणि पकडतात ते बऱ्याचदा रुजू झाल्यावर, म्हणजे तुम्ही पुण्यात खोली घेतलेली असते, घरी पेढे वाटून झालेले असतात. त्यानंतर कामावरून काढल्याचा शिक्का खरा असतो, तो कुठल्याही कन्सल्टन्सीला पुसता येत नाही. ऑफर लेटरसाठी, लॅपटॉपसाठी, ट्रेनिंगसाठी, कशासाठीही आधी पैसे मागितले की फोन ठेवा. नोकरी देणारा पैसे देतो, घेत नाही.

आणि खरी ऑफर आली, तर तिच्यावरचा आकडा वाचायला शिका. समजा सीटीसी 3.6 लाख. घरी सगळे म्हणतात, महिन्याला तीस हजार. थांबा. बेसिक पंधरा हजार धरू. त्यावर कंपनीचा पीएफचा वाटा 12 टक्के, म्हणजे 1,800, हा सीटीसीतच धरलेला असतो. ग्रॅच्युइटी बेसिकच्या 4.81 टक्के, म्हणजे साधारण 722, तीही सीटीसीत. उरले 27,478. त्यातून तुमचा स्वतःचा पीएफ 1,800 आणि व्यवसाय कर 200. हातात 25,478. वर वर्षाचे 24 हजार 'व्हेरिएबल' असतील, जे कंपनीचं आणि तुमचं काम बघून वर्षाअखेरीस मिळतील किंवा नाही मिळणार, तर महिन्याला आले 23,478. तुमच्या पत्रातले आकडे वेगळे असतील, पण हिशोबाची रीत हीच. पीएफचे पैसे बुडत नाहीत, तुमचेच असतात, फक्त या महिन्याचं खोलीभाडं त्यातून जात नाही. घरी हप्त्यांचा वायदा करण्याआधी हा हिशोब कागदावर मांडा.

बाँडबद्दल सगळ्यात जास्त अफवा आहेत. "बाँडला काही अर्थ नसतो, खुशाल सोड" असं हॉस्टेलवरचा कोणीतरी ठामपणे सांगतो. ते पूर्ण खरं नाही. 1872 च्या भारतीय करार कायद्याचं कलम 27 म्हणतं की एखाद्याला कामधंदा करण्यापासून अडवणारा करार चालत नाही. त्यामुळे नोकरी सोडल्यावर दुसरीकडे जाऊच नको, असं कंपनी सहसा लादू शकत नाही. पण ठरलेल्या मुदतीआधी सोडलं तर अमुक रक्कम भर, ही अट वेगळी. 14 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात अशी अट वैध धरली. तिथे तीन वर्षांआधी सोडल्यास दोन लाख रुपये भरायचे होते. ती सरकारी बँक होती आणि भरतीचा खर्चही न्यायालयाने विचारात घेतला, म्हणून प्रत्येक खासगी बाँडला तो निकाल जसाच्या तसा लागेल असं नाही. भरपाई वाजवी असावी लागते, हेही कायद्यातच आहे. मुद्दा एवढाच, की 'कागदच आहे' म्हणून सही करू नका. रक्कम किती, मुदत कधीपासून मोजतात, ट्रेनिंगमध्ये नापास करून कंपनीनेच काढलं तर पैसे कोण कोणाला देणार, हे तीन प्रश्न मेलवर विचारा. फोनवर नाही, मेलवर. एचआर नाराज होईल असं वाटतं, पण इंटरव्ह्यूमध्ये प्रश्न विचारणारा उमेदवार आवडला म्हणूनच त्यांनी तुम्हाला घेतलंय ना?

आणि मूळ मार्कशीट, मूळ डिग्री कोणाच्याही कपाटात ठेवायला देऊ नका. दाखवा, पडताळू द्या, झेरॉक्स द्या, आणि त्याच दिवशी परत घेऊन या.

तुमच्या हातात ऑफर लेटर असेल आणि त्यातली एखादी ओळ कळत नसेल, तर कंपनीचं आणि स्वतःचं नाव झाकून फोटो पाठवा. पुढचा भाग आपण त्या ओळींवरच करू.